खाल्लेली पानं: एका परसबागेचं प्रकरण

"बाग एवढी फुललीय, मग इथे एकही घरटं का नाही गं?"

काकूंनी हे विचारलं तेव्हा आम्ही दोघी त्यांच्या परसात उभ्या होतो. मार्च महिना. कुंपणावर बोगनवेल नुसती पेटली होती. घाणेरीच्या झुबक्यांवर सात-आठ फुलपाखरं भिरभिरत होती, आणि टेकोमाच्या पिवळ्या फुलाला बुडाशी भोक पाडून एक शिंजीर पक्षी आतला मध लांबवत होता. पाहुण्याला वाटलं असतं, याहून जिवंत बाग कसली असणार! पण काकू पाच वर्षं रोज सकाळी त्याच खुर्चीत बसत होत्या. "सगळे येतात, खातात, उडून जातात. मुक्कामाला कुणी राहत नाही," त्या म्हणाल्या.

मी फुलं सोडून पानं उलटून पाहायला लागले. काका मागे आले. "कीड शोधतेस? मिळायची नाही. दर महिन्याला फवारणी असते आपली." त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. अर्धा तास शोधून मला नीट कुरतडलेली अशी बोगनवेलीचीच पाच-सहा पानं सापडली. त्यांच्या कडेचे गोल तुकडे कात्रीने कापून नेल्यासारखे गायब होते. ते काम पानकापी माशीचं. ती पान खात नाही. तुकडे नेऊन आपल्या घरट्याच्या कोठड्यांना अस्तर लावते. बाकी सगळी बाग कोरी करकरीत, प्लास्टिकची असावी तशी.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच होतं. त्यांना पटायला मात्र वर्ष गेलं.

जागा आणि आधीची लावणी

घरामागे सुमारे चाळीस फूट बाय तीस फूट मोकळी जागा. सह्याद्रीच्या पूर्वेकडचा कमी पावसाचा भाग, खाली मुरूम, त्यावर हिरवळीसाठी आणून टाकलेली नऊ-दहा इंच माती. उत्तरेच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा जुना आंबा, त्याची अर्धी सावली इकडे. बाकी दिवसभर ऊन.

मी यादी केली तेव्हा 23 प्रकारची झाडं निघाली. काकूंच्या मते त्यातली निम्मी तरी देशी होती. माझ्या मते चार. या फरकावर आमचं बरंच बोलणं झालं, कारण गोंधळ फक्त त्यांचाच नाही. पिढ्यानपिढ्या दारात असलेलं झाड आपलंच वाटतं. पण पांढरा चाफा मूळचा अमेरिका खंडाच्या उष्ण भागातला. निशिगंध मेक्सिकोचा, झेंडूही तिकडचाच. गुलबक्षी अमेरिकेची, तर सदाफुली आणि गुलमोहर मादागास्करचे. सोनचाफा आशियातला, नाव सारखं असलं तरी चाफ्याशी त्याचं नातं नाही.

"म्हणजे चाफासुद्धा परका? माझ्या आजीच्या दारात होता तो!" काकू खरंच दुखावल्या होत्या.

चाफा काढायचा नाही, हे मी लगेच सांगून टाकलं. पण त्याची एक गंमत आहे. चाफ्याच्या फुलात मध नसतोच. रात्रीच्या वासाने तो मोठ्या पतंगांना बोलावतो, ते आशेने एका फुलावरून दुसऱ्या फुलावर सोंड घालत फिरतात आणि परागीभवन फुकटात उरकून जातं. काकूंची बाग बऱ्याच अंशी अशीच होती. कुठे दिखावा होता, कुठे थोडा मधही होता, पण पुढचं काहीच नव्हतं.

पुढचं म्हणजे काय

फुलपाखराचा मध कुठल्याही फुलावर भागतो. परदेशी असो, देशी असो, सोंड पोचली की झालं. अळीचं तसं नाही. प्रत्येक झाड आपल्या पानांत काही ना काही रसायन भरून ठेवतं, नको त्याने खाऊ नये म्हणून. ते पचवायची युक्ती ज्या किड्याच्या वंशाने हजारो-लाखो वर्षं त्या झाडासोबत राहून कमावली, तोच ते पान खातो. म्हणून बिबळ्या कडवा या फुलपाखराची मादी घाणेरीवर मध पिते, पण अंडी घालायला रुई आणि तिच्या भाऊबंदांकडेच जाते. रुई नसेल तर ती मादी आपल्या बागेत नुसती गिऱ्हाईक, रहिवासी नाही.

पक्ष्यांचं गणित याच्यावरच बसलेलं. आपण शिंजिराला मध पिणारा म्हणतो, पण त्याची पिल्लं मधावर वाढत नाहीत. त्यांना कोळी, अळ्या, बारीक किडे लागतात. बुलबुल स्वतः फळं खाईल, पिल्लाच्या चोचीत मात्र किडे घालेल. वॉशिंग्टन शहराच्या आसपासच्या घरगुती बागांमध्ये कॅरोलायना चिकडी नावाच्या छोट्या पक्ष्यावर झालेला एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. झाडाझुडपांच्या एकूण पसाऱ्यात देशी झाडं 70 टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या बागांत त्या पक्ष्याची संख्या स्वतःच्या पिल्लांच्या बळावर टिकत नव्हती. तो आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही, पक्षी वेगळा आणि झाडं वेगळी. कारण मात्र तेच आहे. पान खाणारं कुणी नसेल, तर पिल्लाला भरवायला काही नाही.

"म्हणजे तू मला अळ्या पाळायला सांगतेयस," काका म्हणाले.

"हो."

काका उठून आत गेले.

निवड कशी केली

अशा कामात लोक आधी फुलाचा रंग विचारतात. आम्ही वहीत प्रत्येक झाडापुढे चारच गोष्टी लिहिल्या: पान कुणी खातं का, फूल कोणत्या महिन्यात, फळ कुणासाठी, आणि लपायला जागा किती. ज्याच्यापुढे एकच खूण, ते मागे. दोन-तीन खुणा, ते पुढे.

या कसोटीवर पहिलं आलं तरवड, ज्याला काकू आजवर "रस्त्याकडेचं पिवळं झुडूप" म्हणत होत्या. मुरमात उगवतं, उन्हाळ्यात हिरवं राहतं, वर्षातला मोठा काळ फुलतं, आणि त्याच्या पानावर मॉटल्ड एमिग्रंट नावाचं फिकट पांढरं-हिरवट फुलपाखरू अंडी घालतं. अळी गुळगुळीत, हिरवी, पक्ष्याच्या चोचीला अगदी सोयीची.

हा मुद्दा मी मुद्दाम ताणून सांगितला, कारण फुलपाखरांसाठी झाडं लावणारे इथे चुकतात. रुईवरची बिबळ्या कडव्याची अळी पानातलं विष स्वतःच्या अंगात साठवते. काळे-पांढरे-पिवळे पट्टे म्हणजे तिची पाटी: खाऊ नका. म्हणजे रुई लावली की फुलपाखरू मिळतं, पिल्लाला घास मिळत नाही. दोन्ही हवं असेल तर रुईच्या जोडीला तरवड आणि कढीपत्ता पाहिजेच. कढीपत्ता होताच, फवारणीने निर्जंतुक करून ठेवलेला. रुईचं एकच झाड लावायचं ठरलं, कोपऱ्यात. तिचा चीक डोळ्यांत गेला तर भलताच त्रास देतो, आणि नातवंडं सुट्टीत येतात.

बाकीची निवड महिने भरून काढण्यासाठी होती. उन्हाळ्याच्या तोंडाशी धायटी, जिच्या तांबड्या नळीसारख्या फुलांवर शिंजीर तुटून पडतात. पावसाळ्यात निर्गुडी आणि मुरूडशेंग. मुरूडशेंगेचं फूल कोवळं असताना लाल-केशरी आणि जुनं झालं की निळसर राखाडी दिसतं. पावसाळा संपता संपता कोरांटी, जिची पानं पॅन्सी फुलपाखरांच्या अळ्या खातात. थंडीत अडुळसा, त्याच्या फुलाचा खालचा ओठ म्हणजे भुंग्यासाठी घातलेला पाट. दक्षिणेच्या कुंपणाला करवंद: काटे, दाट फांद्या, वासाची पांढरी फुलं, नंतर फळं. चारही खुणा असलेलं आमच्या यादीतलं ते एकमेव झाड. आणि एका वाफ्यात खुळखुळा, निव्वळ माझ्या हट्टाने. कडव्याच्या जातीचे नर त्याच्या सुकलेल्या, जखमी पानांवर येऊन रस चोखतात. त्यातली रसायनं त्यांना माद्यांना भुलवणारा वास तयार करायला लागतात. एका सुक्या फांदीवर चार-चार नर चिकटून बसलेले पाहिलेत का? हाताने हलवलं तरी उठत नाहीत.

नाकारलेलीही सांगते. उंबर काकूंना फार हवा होता. त्याच्याएवढी पक्ष्यांची पंगत दुसऱ्या झाडावर बसत नाही, हे मान्य. पण घराच्या पायापासून बारा फुटांवर उंबर लावणं म्हणजे वीस वर्षांनंतरच्या भांडणाचं बी पेरणं. पळसही जागेअभावी गेला.

काय काढलं, काय ठेवलं

घाणेरी काढायची, यावर मी अडून राहिले. तिच्यावर तर सगळ्यात जास्त फुलपाखरं होती, म्हणून काकूंचा जीव तुटत होता. पण घाणेरीची फळं बुलबुल खातात आणि बिया मागच्या टेकडीवर नेऊन टाकतात. भारतात ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेतलं शोभेचं झुडूप म्हणून आली आणि आज जंगलंच्या जंगलं तिने दाबून टाकली आहेत. तिच्या एका झुडपाचा उपद्रव कुंपणाच्या आत थांबत नाही. नुसती छाटली तर बुंध्यातून दुप्पट फुटते, म्हणून पहिल्या पावसानंतर माती मऊ झाल्यावर, फळं धरायच्या आत, मुळासकट उपटली. आत कुणाचं घरटं नाही ना, ते आधी पाहून.

बोगनवेल, चाफा, सदाफुली, डबल जास्वंद यांना हात लावला नाही. डबल जास्वंदीत पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात, म्हणजे माशीच्या दृष्टीने ताट आहे आणि वाढलेलं काही नाही. पण ती पसरत नाही, आणि काकूंना आवडते. देशी म्हणजे सगळं परकं उपटून फेकायचं, असा सोवळेपणा मला पटत नाही. इंग्लंडमध्ये लेस्टर शहरात जेनिफर ओवेन यांनी आपल्या साध्या उपनगरी बागेत 30 वर्षं नोंदी ठेवल्या आणि 2,673 जाती मोजल्या. त्या बागेत देशी-परदेशी सरमिसळच होती. फक्त तिथे विष नव्हतं.

महिन्याची फवारणी बंद करणं ही माझी एकच अट होती. काकांनी ती न बोलता मान्य केली. हिरवळीचा एक तुकडा उकरून तीन फूट बाय चार फूट जमीन उघडी ठेवायची म्हटल्यावर मात्र ते बोलले: "एवढे कष्ट करून उघडी माती?"

पहिलं वर्ष

पहिलं वर्ष वाईट गेलं, आणि त्यात माझाही वाटा होता.

तरवडाची रोपं रोपवाटिकेत मिळाली नाहीत. रस्त्याकडेला फुकट उगवणारं झाड कोण विकणार? शेंगा गोळा केल्या. बी टणक, पॉलिश कागदावर घासून रात्रभर पाण्यात ठेवलं तेव्हा बऱ्यापैकी उगवलं. धायटी, मुरूडशेंग आणि करवंदाची रोपं मिळवली. सगळं जूनच्या अखेरीस लागलं. पण हिरवळीसाठी टाकलेली ठिबकची नळी मी नवीन वाफ्यांतून तशीच पुढे नेली. मुरमाड उतारावर वाढणाऱ्या झाडाला रोजचं पाणी म्हणजे गळ्याला फास. ऑक्टोबरात धायटीची दोन रोपं पिवळी पडली. आम्हाला वाटलं तहानली, म्हणून आणखी पाणी दिलं. उपटून पाहिलं तर मुळं काळी, मऊ, कुजका वास. त्यानंतर नळी तोडली. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा खोल पाणी, दुसऱ्या वर्षी बंद.

दुसरा अपघात जास्वंदीवरून झाला. पांढरा पिठ्या ढेकूण पडला. काकांनी अट पाळली, स्वतः फवारलं नाही. पण आठवड्यातून एकदा येणाऱ्या माळ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने सवयीने पंप भरला आणि शेजारची रुईही भिजवली. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. त्या काहीच बोलेनात. मी गेले तर रुईखाली पट्टेरी अळ्या पडलेल्या, काही अजून वळवळत होत्या. काका तिथेच उभे होते. त्यांनी पंप उचलला आणि गच्चीवरच्या अडगळीत नेऊन टाकला. अळ्यांबद्दल त्यांचा सूर तेव्हापासून बदलला, असं मला वाटतं. पटवून देणं मला कुठे जमलं होतं!

कढीपत्त्याची अळी

दुसऱ्या पावसाळ्यात काकू घाईने बोलवायला आल्या. "अगं, कढीपत्त्यावर पक्ष्यांनी घाण केलीय सगळीकडे, आणि ती घाण चालतेय!"

लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढणाऱ्या फुलपाखरांची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते: तपकिरी, मध्ये पांढरा ठिपका, ओलसर चकाकी. कुठल्या पक्ष्याला ती खावीशी वाटणार? मोठी झाली की कात टाकून हिरवीगार होते आणि पानाच्या रंगात हरवते. एका मोठीला मी काडीने हलकेच डिवचलं. डोक्यामागून नारिंगी-लाल, दोन टोकांचं शिंग बाहेर आलं आणि आंबूस, उग्र भपकारा सुटला. काकू दोन पावलं मागे सरकल्या, मग हसत पुन्हा वाकल्या. "पुन्हा कर!"

मी नाही केलं. शिंग बाहेर काढणंही तिला फुकट पडत नाही.

त्या झाडाची आठ दिवसांत जवळजवळ सगळी पानं गेली. काकूंनी रोज फोन केला. मी रोज एकच सांगितलं, थांबा. मूळ जुनं होतं, पाऊस होता, तीन आठवड्यांत नवी पालवी फुटली. पण त्याच्याआधीच शिंपी पक्ष्यांची एक जोडी फांद्या धुंडाळायला लागली होती. शेपटी उभी, तोंडाने सतत टिविट-टिविट, पानामागून पान उलटत जाणारी. आधीच्या पाच वर्षांत शिंपी काकूंना फक्त ऐकू आला होता, शेजारच्या आंब्यावरून.

उघड्या मातीचं काय झालं

तिसऱ्या वर्षी तरवडं कमरेच्या वर गेली. या फुलात मध नसतो, फक्त पराग, आणि तोही टोकाला भोक असलेल्या बंद नळ्यांत कोंडलेला. साध्या मधमाशीला तो सहजी सुटत नाही. भुंगा येतो, फुलाला लटकतो आणि पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो. आवाज बदलतो, उडतानाची घरघर थांबून एकदम वरच्या पट्टीतला बारीक झंकार, आणि त्या कंपनाने पराग त्याच्या पोटावर उडतो. काका आता डोळे मिटून सांगतात, कोण उडतंय आणि कोण झंकारतंय.

निळ्या पट्ट्यांची माशी हेच करते. एकटी राहते, पोळं बांधत नाही, जमिनीत बीळ करते. आणि त्या फुकट ठेवलेल्या उघड्या मातीत पेन्सिल जाईल एवढी भोकं दिसायला लागली. एका संध्याकाळी काकांनी मला टॉर्च घेऊन बोलावलं. कोरांटीच्या सुक्या काडीवर नऊ नर ओळीने. जबड्याने काडी घट्ट धरलेली, पाय सुटे, शरीर हवेत आडवं. असेच ते रात्र काढतात. काकांनी टॉर्च लगेच विझवला आणि मागच्या दारावरचा रात्रभर जळणारा दिवाही त्या दिवसापासून दहाला बंद व्हायला लागला.

सगळं काही साधलं नाही. मुरूडशेंग अजून रुसलेली आहे, फुटभर वाढून थांबली. करवंदाचं कुंपण विरळ आहे. दाट व्हायला आणखी तीन-चार वर्षं तरी लागतील. शेजाऱ्यांच्या आंब्यावर बांडगूळ वाढलंय आणि त्यांना ते छाटायचंय. एक-दोन झुबके तरी ठेवा म्हणून काकू रदबदली करताहेत, कारण हळदीकुंकू फुलपाखराची अळी त्याच्यावरच जगते आणि फुलटोच्या त्याची फळं खातो. आंबा त्यांचा, मी त्यात पडत नाही.

घरटं

यंदा फेब्रुवारीत घरटं झालं. मी मनात धरलं होतं करवंद, नाहीतर निर्गुडी. शिंजिराच्या मादीने निवडली बोगनवेल, अमेरिकेतून आलेली, देशी-परदेशीच्या वहीत एकही खूण न मिळालेली. कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी लोंबकळवलेली, लिंबाएवढ्या तोंडाची पिशवी. बाहेरून सालीचे तुकडे, वाळकी पानं आणि अळ्यांच्या लेंड्या चिकटवलेल्या. काट्यांमुळे मांजर तिथे पोचत नाही. तिने आपला हिशोब केला होता.

पिल्लं निघाल्यावर काका वही घेऊन बसले. त्यांनी मादीच्या फेऱ्यांच्या उभ्या रेघा मारल्या होत्या, पाचव्याला आडवी.

"टेकोमाकडे जात नाही गं ती," ते म्हणाले. "दर वेळी त्या कोपऱ्यातून येते. आणि चोचीत हिरवं काहीतरी असतं."

मी त्या कोपऱ्यात गेले. तरवडाच्या शेंड्यांची चाळणी झाली होती.